किल्ली कुणाकुणाकडे आहे, गं?

काल रात्री साडेदहाला तुझा फोन आला, तेव्हा मी भांडी आवरून नुकती ओटीवर टेकले होते. तू एका दमात बोललीस, ‘ताई, वायफाय हॅक होतं म्हणतात, माझ्याकडे निम्म्या सरळगावचे आधार आहेत, मी सेवा केंद्रच बंद करू का?’ बंदबिंद काही करायचं नाही, ते आधी डोक्यातून काढ. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला लेकरू मांडीवर घेऊन रात्री अकरापर्यंत अर्ज भरणारी तू. तुला राउटरची चार बटणं जड जाणार नाहीत. पण खरं सांगू का, तुझी भीती अगदीच खोटी नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सावकाश लिहितेय. पोराला निजव, चहा घे आणि वाच.

बघ, वायर असते तेव्हा चोराला घरात शिरावं लागतं. वायफायचं तसं नाही. तो रेडिओ आहे, भिंतीतून बाहेर जातोच. तुझ्या केंद्राचं नाव स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर दिसतं ना? म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरमधून निघालेली माहितीची प्रत्येक पुडी त्याच्यापर्यंत पोचते. ती त्याला उघडता येते की नाही, एवढाच प्रश्न. म्हणून कुलूप कुठल्या जातीचं आहे हे तुला माहीत हवं, आणि त्याची किल्ली कुणाकुणाकडे गेलीय हेही.

कुलूपच नसलं तर काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात घडून गेलंय. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर पत्ता निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याचा, एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटचा. कॉम्प्युटर तपासणीला गेले, माणूस चौकशीच्या फेऱ्यात सापडला, जगभरच्या बातम्यांत नाव आलं. मेल त्यानं पाठवलाच नव्हता. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वायफाय असंच वापरलं गेलं आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत फिरायचं ठरवलं आणि दूरसंचार खात्यानं इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या, ते यानंतर. तुला घाबरवायला सांगत नाही गं. पण ‘आपल्याकडे चोरण्यासारखं आहेच काय’ असं तुझे सासरे म्हणतात ना, त्यांना हे सांग. चोरायला काही लागत नाही. तुझा पत्ता वापरायला मिळाला की पुरतं.

आता माझी गोष्ट. २०१३ मध्ये मी आसनगावात तुझ्यासारखंच दुकान थाटलं तेव्हा एक मुलगा नेट जोडून गेला. जुनाच राउटर होता, त्यानं त्यात ‘वेप’ नावाचं कुलूप लावलं आणि दहा आकडे-अक्षरांची किल्ली चिठ्ठीवर लिहून दिली. ती चिठ्ठी मी देवघरातल्या डब्यात ठेवली. रोज रात्री दुकानाचं शटर दोनदा ओढून बघायचे आणि निर्धास्त झोपायचे. ते कुलूप त्याच्या बारा वर्षं आधीच मोडीत निघालं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे वेप १९९७ चं. ते कसं मोडतं, हे तुला लगेच कळेल, कारण आपण दोघी गर्दीच्या दिवशी टोकनं वाटतो. वेप प्रत्येक पुडीला एक टोकन नंबर देतं आणि तो नंबर तुझ्या किल्लीला जोडून कुलूप घालतं. नंबर पुडीवर उघडाच लिहिलेला असतो. टोकनांचं पुस्तक आहे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ नंबरांचं. ऐकायला केवढं वाटतं! पण वर्दळीच्या नेटवर ते काही तासांत संपतं आणि पुन्हा तेच नंबर सुरू होतात. नंबर कसेही मधूनच काढले, तर पाचेक हजार पुड्यांतच दोन सारखे निघण्याची शक्यता निम्मी. एकाच टोकनाच्या दोन पुड्या हाताशी आल्या की त्या एकमेकींवर ठेवून कुलूपच वजा करता येतं. त्यात आतल्या यंत्राचाही दोष होता. फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की काही टोकनं खुद्द किल्लीचाच तुकडा उघडा पाडतात. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मोठ्या किल्लीचं वेपसुद्धा मिनिटाच्या आत उघडलं. त्याच सुमारास अमेरिकेत टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून साडेचार कोटींवर कार्डांचे नंबर गेल्याचं बाहेर आलं. चोर शिरले होते एका दुकानाच्या अशाच वायफायमधून. म्हणून तुला निक्षून सांगते, तुझ्या राउटरवर ‘वेप’ हा शब्द दिसला तर पासवर्ड बदलत बसू नकोस. कुलूपच बदल. राउटरला दुसरं कुलूप येतच नसेल तर तो भंगारात जाऊ दे, भावजींना काय सांगायचं ते मी बघते.

त्यानंतर आलेलं ‘डब्ल्यूपीए’ हे २००३ चं, घाईत केलेलं ठिगळ. ‘टीकेआयपी’ असं काही लिहिलेलं दिसलं तर ते हेच, तेही नको. तुला हवं २००४ चं ‘डब्ल्यूपीए-२’ आणि त्यात ‘एईएस’. राउटर नवा असेल तर २०१८ चं ‘डब्ल्यूपीए-३’ही मिळेल, मग तेच निवड. जुने फोन त्याला जोडले जात नसतील तर दोन्ही मिळून चालणारा पर्याय असतो, तो लाव. या नव्या कुलपांतही भोकं सापडलीत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफनं दाखवलं की जोडणीच्या वेळचा एक निरोप मुद्दाम पुन्हा पाठवला तर फोन तीच किल्ली नव्यानं बसवतो आणि टोकनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. त्या वेळच्या अँड्रॉइड ६ च्या फोनांत तर किल्लीच्या जागी नुसती शून्यं बसायची! पण हे दुखणं अपडेटनं बरं होतं. म्हणून सासऱ्यांचा तो जुना फोन, ज्याला कित्येक वर्षांत अपडेट आलेला नाही, तो तुझ्या कामाच्या वायफायवर नको. त्यांना राग येईल. येऊ दे. त्यांच्यासाठी वेगळी सोय करायची आहे, ती पुढे सांगते.

राउटरच्या मागे ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेलं बटण असेल. मला ते फार आवडायचं, दाबलं की प्रिंटर आपोआप जोडला जायचा. पण त्याच्यासोबत आठ आकड्यांचा एक पिन असतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये स्टेफान फीबॉक यांनी त्यातली गंमत उघडी केली. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि चुकीचा पिन टाकला तर राउटर सांगून टाकतो की पहिले चार बरोबर होते की नव्हते. म्हणजे दारावर कुणी चाव्या लावून बघतंय आणि आपणच आतून म्हणतोय, ‘अर्धी बरोबर आहे हं!’ कोटभर खटपटींचं काम त्यामुळे ११ हजारांवर येतं. पुष्कळ राउटरांवर ते दिवसाच्या आत उरकायचं, मग तुझा पासवर्ड कितीही लांबलचक असो. सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंद कर. प्रिंटर जोडायला पाच मिनिटं जास्त गेली तर गेली.

आणि पासवर्ड. खरं सांग, मोबाइल नंबरच ठेवलायस ना? तुझ्या आवाजावरूनच मला कळलं होतं. अगं, तो नंबर तुझ्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलाय! आणि पाटीवर नसता तरी उपयोग नव्हता. डब्ल्यूपीए-२ मध्ये कुणी तुझ्या दाराशी पासवर्ड टाकत बसत नाही. तुझा फोन राउटरला जोडला जाताना जी चार निरोपांची देवाणघेवाण होते, ती चोर टिपून घरी नेतो आणि तिथं निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो. तुला कळतही नाही. दहा आकडी मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनं सुरू होतो, म्हणजे झाले फार तर ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या कॉम्प्युटरला हे काही तासांचं काम आहे. लेकराचं नाव आणि जन्मसाल घातलंस तर तितकेही लागणार नाहीत.

त्यापेक्षा असं कर. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा शब्द घे, मराठीच, रोमन अक्षरांत लिहायचे. उखळ, पानगी, कंदील, माहुली, सुतळी अशासारखे. (हे नकोत हं, हे आता मी लिहून बसले.) मध्ये दोन-तीन आकडे टाक. ६३ अक्षरांपर्यंत मुभा असते, वीस-पंचवीस पुष्कळ झाली. वहीत लिहून कपाटात ठेवलंस तरी चालेल, कागदाला रेडिओ नसतो. आणि राउटरच्या आत शिरायचा जो वेगळा पासवर्ड असतो, कित्येक ठिकाणी ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’, तोही त्याच बैठकीत बदल. पुष्कळ जणी दाराचं कुलूप बदलतात आणि हे विसरतात.

आता जे सांगायचं म्हणून मी हे लिहायला बसले, ते ऐक. चांगलं कुलूप लावून झाल्यावर मी जी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी होती.

२०२४ चा पावसाळा आठव. लाडकी बहीण योजनेचे अर्ज. माझ्या दुकानापुढं आटगावपर्यंतच्या बाया, छत्र्या, रडणारी पोरं. अंगणवाडीच्या दोन सेविका माझ्याच ओटीवर बसून मोबाइलवर ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅपमध्ये अर्ज भरत होत्या आणि पावसानं मोबाइलची रेंज गेलेली. मी वायफायचा पासवर्ड मार्करनं कागदावर लिहिला आणि भिंतीला चिकटवला. अडलेल्या बाईला नाही कशी म्हणणार? त्या दिवशीचं ते बरोबरच होतं, अजूनही मला तसंच वाटतं. पण तो कागद पुढे दिवाळीपर्यंत तिथंच राहिला.

एका संध्याकाळी शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आत आला. दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, ‘मावशी, तुमचे स्कॅन माझ्या मोबाइलवर दिसतायत.’ त्यानं फोन पुढं केला. माझ्या दोन कॉम्प्युटरना एकच फोल्डर वापरता यावा म्हणून मी तो नेटवर्कवर मोकळा ठेवला होता, पासवर्डशिवाय. आधार, रेशनकार्डं, बँकेची पासबुकं, कातकरी वाडीतल्या बायांचे जातीचे दाखले. वायफायला जोडलेल्या कुणालाही ते दिसत होतं, आणि त्या चार महिन्यांत किती जणांनी तो पासवर्ड टिपून घेतला असेल, याचा हिशेब माझ्याकडे नव्हता. मुलगा भला, म्हणून सांगायला आला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्या बायांनी कागद माझ्या हातात दिले होते गं, माझ्या भरवशावर.

म्हणूनच मला पुण्याच्या त्या मंडळींचं फार कौतुक वाटतं, ज्यांनी हे नेमकं दुखणं, आत घेतलेल्या माणसाकडूनच असलेला धोका, जगापुढं मांडलं. एअरटाइट नेटवर्क्स नावाची कंपनी होती, तिचं संशोधन पुण्यात चालायचं. तिथल्या सोहेल अहमद यांनी २०१० मध्ये अमेरिकेत लास व्हेगासच्या परिषदेत डब्ल्यूपीए-२ मधलं एक भोक दाखवलं. नाव पडलं ‘होल १९६’, कारण वायफायच्या नियमांच्या जाडजूड पुस्तकात पान १९६ वर त्याची कबुली एका ओळीत देऊन ठेवली होती आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. काय होतं बघ. डब्ल्यूपीए-२ मध्ये प्रत्येक फोनची राउटरशी स्वतःची वेगळी किल्ली ठरते. पण सगळ्यांना एकदम सांगायच्या गोष्टींसाठी, दवंडीसाठी म्हण, एक सामाईक किल्ली असते. दवंडी पिटायची फक्त राउटरनं, असा नियम. पण दवंडी खरंच राउटरनं पिटली की शेजारी बसलेल्या दुसऱ्याच फोननं, हे ओळखायची सोयच ठेवलेली नाही. मग आत शिरलेला माणूस राउटरच्या आवाजात म्हणतो, ‘आजपासून सगळ्यांनी माझ्यामार्फत पाठवा,’ आणि बाकीचे मुकाट्यानं तसं करतात. बाहेरच्या चोराला हे जमत नाही. ज्याला आपण पासवर्ड दिलाय, त्यालाच जमतं.

आपल्यासारख्या केंद्रात तर याहून सोपं आहे. सगळ्यांचा पासवर्ड एकच असल्यामुळे, तो ज्याला माहीत आहे त्यानं तुझी जोडणी होताना ते चार निरोप टिपले, तर तुझी स्वतंत्र किल्लीही त्याला काढता येते. डब्ल्यूपीए-३ मध्ये हे तितकं सोपं राहिलेलं नाही, म्हणून शक्य असेल तर ते घे म्हणतेय.

तर उपाय. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय. तुझ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणून असतं. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. रांगेतल्या बाया, सेविका, सासरे आणि त्यांचा फोन, भाचेमंडळी, सगळे तिकडे. त्याचा पासवर्ड भिंतीवर लावायचा तर लाव, पण महिन्याला बदल. कामाच्या वायफायवर फक्त तुझा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि तुझा फोन. तुझ्या नवऱ्याचासुद्धा नको. मी आमच्या घरी हेच केलं, दोन दिवस तोंड फुगवून झालं, मग सवय झाली. आणि तुझ्याकडेही तसा मोकळा फोल्डर असेल तर तो आजच बंद कर, उद्या नाही. जुने स्कॅन काम झालं की पुसून टाकायचे.

तुला कुणीतरी वायफायचं नाव लपवायला सांगितलं म्हणालीस. त्यानं काही होत नाही. नाव लपवलं की राउटर गप्प बसतो, पण तुझा फोन जाईल तिथं ‘सरळगावचं केंद्र आहे का इथं?’ असं विचारत फिरतो, आणि ऐकणाऱ्याला नाव मिळतंच. फोनांची ही हाक मारायची खोड फार जुनी. एअरटाइटचेच विवेक रामचंद्रन आणि सोहेल अहमद यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की लॅपटॉप घरापासून लांब, कॉफीच्या दुकानात असला, तरी त्याच्या या हाकेला खोटी ओ देऊन घरच्या वेपची किल्ली काढता येते, तीही कप संपायच्या आत. वेप गेलं, खोड राहिली. म्हणून स्टेशनावर, लॉजवर, कुठल्याही बिनपासवर्डच्या वायफायला कधी जोडलं असशील तर फोनमधून ते नाव काढून टाक. म्हशाच्या जत्रेत कुणी त्याच नावाचं वायफाय सुरू करून बसला, तर तुझा फोन तुला न विचारता जाऊन चिकटेल.

आता पैशांचं, कारण तिथंच तुझा आवाज कापरा झाला होता. बँकेची साइट, सरकारी पोर्टलं, यूपीआय, यांचं स्वतःचं वेगळं कुलूप असतं, वायफायच्या आत. वायफायचं दार किलकिलं राहिलं तरी आतली तिजोरी बंद असते. तुझ्या शेजारचं धसई २०१६ च्या डिसेंबरमध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, वडापावच्या गाडीवाल्यापर्यंत कार्डाचं मशीन पोचल्याचं कौतुक पेपरात आलं होतं. तसलं सगळं याच दुसऱ्या कुलपाच्या जिवावर चालतं. तुझं काम एवढंच, की स्क्रीनवर ‘ही साइट सुरक्षित नाही’ असं लाल आलं तर गिऱ्हाइकाची कितीही घाई असो, ‘पुढे जा’ दाबायचं नाही. उठून पाणी पी, मला फोन कर. आणि कधी पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, त्याच क्षणी १९३० वर फोन लावायचा. तिथं पहिला तास फार मोलाचा असतो.

प्रिंटर तुझा जुना आहे, तो नव्या कुलपाला जोडला जाणार नाही असं मला वाटतं. त्याच्यासाठी कुलूप हलकं करू नकोस, त्याला वायरनं जोडू. माझ्याकडे जास्तीची केबल आहे. गुरुवारी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवते आणि किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीनं येते, सोबत बसून सगळं करू, तासाभराचं काम आहे. तोपर्यंत तूही पासवर्डाचा कागद भिंतीवर लावला असशील तर तो काढ आणि फोल्डर बंद कर, एवढंच. राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो ग्रुपवर टाकू नकोस बरं, त्यावर पासवर्ड छापलेला असतो. मला फोनवर कंपनीचं नाव आणि मॉडेल तेवढं वाचून दाखव. आणि हो, वालाचं बिरडं कर, मी तांदळाच्या भाकऱ्या थापून आणते.